‘अपारंपरिक’ तेल-वायू : एका विशेषणाचा गुंता

सातारा-सांगलीत ‘अपारंपरिक ऊर्जा’ म्हटले की वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा ढालगावच्या पवनचक्क्या डोळ्यांसमोर येतात. तेल-वायूच्या धोरणांत मात्र हेच विशेषण शेल (बारीक कणांचा, गाळापासून बनलेला थरांचा खडक) या खडकातील वायू आणि कोळशाच्या थरांतील मिथेन यांना लावले जाते, आणि त्यामुळे हा वायूही वाऱ्याइतकाच निर्मळ असल्याचा समज सहज होतो. वस्तुतः शेलमधून निघणारा वायू मुख्यतः मिथेनच असतो, म्हणजे नेहमीच्या विहिरीतून येतो तोच. वेगळा असतो तो खडक. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात आणि एकमेकांना इतकी कमी जोडलेली असतात, की खडक फोडल्याशिवाय वायू विहिरीकडे सरकत नाही.

हा खडक फोडण्याच्या शब्दातही गोंधळ आहे. टंचाईच्या काळात कमी पाण्याच्या विंधन विहिरींत दाबाने पाणी सोडून खडकातील फटी मोकळ्या करतात, त्याला आपल्याकडे ‘जलभंजन’ म्हणतात. शासकीय कागदांत तीही ‘अपारंपरिक उपाययोजना’च असते. तत्त्व एकच असले तरी शेलच्या विहिरीत ते काम बहुधा दोन-तीन किलोमीटर खोलीवर चालते, पाण्यात वाळू व रसायने मिसळावी लागतात आणि एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागते. जत-आटपाडीत टँकरच्या खेपा मोजलेल्या माणसाला दोन्हींसाठी एकच शब्द वापरणे पटणार नाही, आणि ते योग्यही नाही.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९४७ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससमध्ये घट्ट द्रावणाऐवजी मुख्यतः पाणी वापरण्याची रीत रुळली, आणि पुढे आडव्या वेधनाची (थरातून आडवे छिद्र पाडत नेण्याची) जोड मिळाल्यावर ते फायद्याचे ठरले. भारतात कोळसाथरांतील मिथेनचे धोरण १९९७ चे, तर शेल वायूचे २०१३ चे. २०२५ च्या कायदादुरुस्तीने ‘खनिज तेल’ या व्याख्येत शेल वायू, शेल तेल, कोळसाथरांतील मिथेन व वायू हायड्रेट्स (बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला वायू) हे सारे एकत्र आणले. परवान्यांच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे, परंतु पाण्याच्या गरजेतील प्रचंड तफावत एका व्याख्येत झाकली जाते.

कोयनाकाठच्या वाचकाला आणखी एक बाजू जवळची आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ ते १९६६ या काळात सुमारे ३.७ किलोमीटर खोल विहिरीत टाकाऊ द्रव सोडला गेला. धक्के सुरू झाले, काम थांबवले गेले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. एकीकडे विहिरीतील दाब, दुसरीकडे जलाशयाचा भार आणि झिरपणारे पाणी. परंतु भेगांत शिरलेल्या द्रवाच्या दाबाने आधीच ताणलेला प्रस्तर सरकतो, ही मांडणी दोन्हींना लागू होते. ओक्लाहोमात २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तोही प्रामुख्याने खडक फोडल्यामुळे नव्हे, तर तेलाबरोबर वर आलेले खारे पाणी पुन्हा खोलवर जिरवल्यामुळे. खडक फोडण्यावर बंदी असावी की नसावी या वादात हा फरक वारंवार निसटतो.

पाटण तालुक्यातील गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेले सुमारे तीन किलोमीटरचे वेधन २०१७ मध्ये पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला. मधे शेलचा थर नव्हता.