अख्खी लायब्ररी कशाला, एवढंच मॉड्यूल तपासा

डोंबिवलीहून ८:०७ला सुटणारी लोकल एखाद्या ॲपमध्ये ७:४४ची दिसू लागली, तर शिव्या रेल्वेला पडतील. घोळ कोडच्या एका ओळीतही असू शकतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पायटीझेड’ ही टाइमझोनची लायब्ररी (म्हणजे आयता कोडसंच) वापरून तारीख बनवतानाच तिला ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन थेट चिकटवला, की ग्रिनिचच्या पुढचे भारतीय प्रमाणवेळेचे साडेपाच तास धरले जात नाहीत. कोलकात्याच्या जुन्या स्थानिक वेळेचे ५ तास ५३ मिनिटं धरले जातात. २३ मिनिटं तिथे गडप होतात. (मुंबईचीही अशी स्वतःची वेळ होती, ४ तास ५१ मिनिटांची. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी शहराने ती बरीच वर्षं सोडली नाही.) २०२०च्या पायथॉन ३.९पासून भाषेतच आलेल्या ‘झोनइन्फो’त ही गफलत होत नाही.

ही चूक पकडायला चार ओळींची युनिट टेस्ट (कोडचा एक छोटा तुकडा तपासणारा कोड) पुरते: ८:०७ द्या, ग्रिनिचचे २:३७ यायला हवेत. २:१४ आले, टेस्ट फेल. काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं.

पण त्या एका टेस्टसाठी आपल्या अख्ख्या लायब्ररीच्या टेस्ट लावाव्या लागत असतील, तर माणूस पहिल्यांदा थांबतो, दुसऱ्यांदा खाली टपरीवर कटिंग मारून येतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, ‘जाऊ दे, संध्याकाळी बघू.’ याला आळस म्हणणं मला पटत नाही. ही सोयीची उणीव आहे. तशी साधनं हाताशी आहेत. ‘पायटेस्ट’ या पायथॉनच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाला फाइलचं नाव, पुढे दोन वेळा कोलन आणि टेस्टचं नाव दिलं, की तेवढी एकच चालते. मागच्या खेपेला फेल झालेल्याच पुन्हा लावायचीही सोय आहे. ‘गो’ भाषा तर २०१८च्या १.१० आवृत्तीपासून, ज्या पॅकेजात काही बदललं नाही त्याचा जुनाच निकाल दाखवते.

एवढं करूनही मॉड्यूल, म्हणजे लायब्ररीचा एखादा भाग, एकटं चालत नसेल, तर दुखणं खोल आहे. वेळेचं मॉड्यूल उघडताच सेटिंग्जची फाइल ओढून घेतं आणि ती फाइल डेटाबेस उघडायला धावते, असं पुष्कळदा दिसतं. घड्याळाचा हिशेब तपासायला डेटाबेस कशाला हवा? तो जोडण्याचं काम खरोखर गरज लागेल त्या फंक्शनमध्ये हलवावं. ‘आत्ता किती वाजले’ हेही फंक्शनने स्वतः विचारू नये, बाहेरून द्यावं. नाहीतर अंधेरीतल्या लॅपटॉपवर पास होणारी टेस्ट सर्व्हरवर फेल होते, कारण सर्व्हरचं घड्याळ बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं असतं.

उलटंही घडतं. एकट्याने पास होणारी टेस्ट घोळक्यात फेल होते, कारण आधीच्या एखाद्या टेस्टने टाइमझोन बदलून तसाच सोडलेला असतो. म्हणून कोड मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) जाण्याआधी सर्व्हरवर सगळ्या टेस्ट लावाव्यात, त्याही अधूनमधून क्रम पिसून.