‘कोळ्याने बांगडा पकडला’ हे पॅसिव्ह आहे का?

पावसाची दुपार होती. शेजारची नववीतली मुलगी इंग्रजीची वही घेऊन आमच्या पडवीत बसली होती. ‘द फिशरमॅन कॉट अ मॅकरेल’ या वाक्याचं पॅसिव्ह तिनं बरोबर केलं होतं: ‘अ मॅकरेल वॉज कॉट बाय द फिशरमॅन’. मग दोन्हींखाली मराठी अर्थ लिहायला गेली आणि दोन्हीकडे एकच ओळ उमटली: कोळ्याने बांगडा पकडला.

“काकी, ह्यां पॅसिव्ह मा?” तिनं विचारलं. कारणही तिच्याकडे तयार होतं. क्रियापद कोळ्याचं ऐकतच नाही, ते बांगड्याच्या मागे जातं. बांगड्याऐवजी सुरमई असती तर ‘पकडली’ झालं असतं, पापलेट असतं तर ‘पकडलं’. कोळ्याच्या जागी कोळीण आणली तरी त्यात फरक पडत नाही.

प्रश्न अस्सल होता. शाळेत आपल्याला सोपी जोडी पाठ करून देतात: कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. ही जोडी चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे मुलांचं इंग्रजीही बिघडतं आणि मराठीही.

मी तिला तेच वाक्य वर्तमानकाळात म्हणायला लावलं. कोळी बांगडा पकडतो. कोळीण बांगडा पकडते. इथे क्रियापद मुकाट कर्त्याच्या मागे आलं. भविष्यकाळातही तसंच, कोळी बांगडा पकडेल. म्हणजे कर्मणीला पॅसिव्ह मानायचं तर आपण मराठी माणसं आज आणि उद्याबद्दल ॲक्टिव्ह बोलतो आणि कालचा विषय निघाला की सगळे एकदम पॅसिव्हमध्ये शिरतो, असं म्हणावं लागेल. इंग्रजीत काळ बदलल्याने व्हॉइस कधी बदलत नाही. काळ आणि व्हॉइस या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक कसोटी आहे. ‘कोळ्याने आपल्या पोराला मासा दिला.’ यातला ‘आपल्या’ कोणाचा? कोळ्याचा. ‘घरी जाऊन कोळ्याने मासा तळला’ यात घरी कोण गेलं? कोळीच, मासा नव्हे. ‘ने’ लागला तरी वाक्याचा धनी कोळीच राहिला. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मासा पुढच्या खुर्चीत येतो आणि कोळी ‘बाय’ लावून मागे जातो, वाटलं तर गळूनही जातो. मराठीत खुर्च्या बदलल्याच नाहीत, बदलला तो फक्त क्रियापदाचा मेळ. भाषाशास्त्रात अशा रचनेला अर्गेटिव्ह म्हणतात. हिंदी आणि पंजाबीत ती भूतकाळात दिसते, आणि आपल्याशी काही नातं नसलेल्या युरोपातल्या बास्क भाषेतही दिसते.

मराठीनं तर याच्याही पुढे मजल मारली आहे. ‘तू पोळी खाल्लीस’ हे क्रियापद सुटं करून पाहा. ‘ली’ पोळीची आणि ‘स’ तुझा. एकाच शब्दात दोघांची नोंद! आणि ‘आईने मुलांना उठवलं’ यात क्रियापद आईचंही ऐकत नाही, मुलांचंही नाही. हा भावे प्रयोग. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं पाणिनीच्या परंपरेतली आहेत, इंग्रजी व्हॉइसचं भाषांतर म्हणून ती घडलेली नाहीत.

ही ‘ने’वाली रचना आली कुठून, हे मला सगळ्यात रंजक वाटतं. संस्कृतात भूतकाळाची तीन-तीन रूपं होती. प्राकृतात ती झिजत गेली आणि त्यांची जागा ‘कृत’, ‘गत’ अशा धातुसाधितांनी घेतली. ‘रामेण आम्रं खादितम्’ हे मुळात खरोखर पॅसिव्ह होतं: रामाकडून आंबा खाल्ला गेलेला. पण साधा भूतकाळ सांगायला लोक तेच वापरू लागले आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर त्यातला पॅसिव्हपणा विरून गेला. आकार उरला, अर्थ पालटला. म्हणजे त्या मुलीचा संशय अगदीच निराधार नव्हता, तिनं हजारो वर्षांपूर्वीची खूण पकडली होती.

इंग्रजीनंही असंच धातुसाधित हाताशी धरलं, पण त्याला ‘हॅव’ची जोड दिली. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे मासा पकडलेला आहे’ अशा घडणीची वाक्यं असत आणि त्यातलं ‘पकडलेला’ माशाच्या लिंग-विभक्तीप्रमाणे चालू शके, अगदी आपल्या कर्मणीसारखं! पुढे तो मेळ सुटला आणि ‘आय हॅव कॉट’ हा प्रेझेंट परफेक्ट तयार झाला. त्याला एक अट चिकटली आहे. ‘मी कालच मुंबईहून आलोय’ हे आपण सहज म्हणतो, पण इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. ‘यस्टरडे’ आला की साधा भूतकाळ, ‘आय केम’. आपली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण त्यांच्या मायबोलीत ही अट नाही.

खरा पॅसिव्ह मराठीत आहे, पण तो बोलण्यात कमी आणि कागदावर जास्त. ‘मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा देण्यात येत आहे.’ इशारा कोण देतंय ते वाक्य सांगत नाही, पॅसिव्हचं मुख्य काम तेच. घरात आपल्याला त्याची गरज फारशी भासत नाही, कारण मराठीकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे. माडावर चढलेला माणूस नारळ पाडतो, वाऱ्याने नारळ पडतो. होडीचा दोर कोणी सोडला ते सांगायचं नसेल तर ‘दोर सुटला’ म्हणायचं, झालं. इंग्रजीत ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, आणि इतर अनेक ठिकाणी ‘वॉज’ लावून पॅसिव्ह करावा लागतो.

बोलता बोलता पाऊस थांबला. बंदराकडून तिचे बाबा आले. तिनं पडवीतूनच विचारलं, “बाबा, आज काय गावला?”

“बांगडे गावले,” ते म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मालवणीत ‘गावणे’ म्हणजे सापडणे, हाती लागणे. ‘माका बांगडो गावलो’ (मला बांगडा सापडला) यात बांगडा गावतो आणि माणूस ‘माका’ होऊन बाजूला उभा राहतो. कर्मणी नाही, पॅसिव्हही नाही. इंग्रजीत याचं ‘आय गॉट’ करायचं तर माणसाला ओढून पुढे आणावं लागतं. तिनं वहीचं नवं पान उघडलं, वर ‘गावले’ लिहिलं आणि खाली इंग्रजीसाठी एक ओळ मोकळी सोडली.