खानदेशातली गाडी गंजत नाही? आधी मॅट उचलायला सांगा

‘गाडी जळगावची, हवा कोरडी, गंज शून्य.’ जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या ऑनलाइन जाहिरातींतलं हे पालुपद अर्धंच खरं आहे. 45 अंशांच्या उन्हात काचांचं रबर तडकतं, पावसाळ्यात तिथूनच पाणी आत उतरतं आणि मॅटखाली मुरतं. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं काळ्या मातीनं बुजली की पत्रा आतून सडतो. वरचा रंग मात्र आरशासारखा!

म्हणून फोटोंवर भाळू नका. व्हिडिओ कॉलवर मॅट उचलायला लावा. फ्लोअर, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, जॅक लावायची जागा बघा. मग पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या वीतभर भागावर आणि चाकाच्या कमानीवर फिरवायला सांगा. छतावर चिकटतं आणि इथे घसरतं? खाली पुट्टी आहे, म्हणजे खराब पत्रा झाकायला भरलेला लेप. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच: कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, हजाराच्या वर आकडा गेला तर पुट्टीच समजा. खालून ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला फासलेला जाड लेप, दिसलं तर जास्तच सावध. कच्ची वेल्डिंग त्याखालीच लपवतात.

आरसीही बघा. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. एमएच-01 असेल तर गाडीची नोंदणी मुंबईची. खारी हवा खाऊन मग ती इकडे आलेली असू शकते.