बीतलं 'बी-१७'

तळजाईवरून फिरून आलं की आमचं टोळकं चहाला थांबतं. परवा तिथे एका काकांनी खिशातून पुडी काढली. जर्दाळूच्या बिया फोडून काढलेले गर. "यात बी-१७ असतं. रोज दहा खायचे, कॅन्सर जवळ फिरकत नाही." मी एक चावला आणि लगेच थुंकला. कडूजहर! तोंडात वास मात्र केकच्या एसेन्सचा.

त्या वासातच सगळी गोष्ट आहे. गरात अमिग्डालिन नावाचं संयुग असतं. १८३० मध्ये दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळं केलं. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्ज यांनी त्याचाच भाऊबंद 'लेट्राइल' कॅन्सरवरचा उपाय म्हणून पुढे आणला. 'बी-१७' हे जीवनसत्त्वाचं लेबल नंतर चिकटलं. 'क' मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, 'बी-१' मिळालं नाही तर बेरीबेरी. अमिग्डालिन मिळालं नाही तर? काहीही होत नाही. मग ते जीवनसत्त्व कसलं?

आता त्याची रचना पाहा, कारण ती फार देखणी आहे. ग्लुकोजचे दोन रेणू आणि त्यांना जोडलेलं मॅन्डेलोनायट्रिल. गर अखंड असतो तोवर हे निरुपद्रवी. ते तोडणारी विकरं (एन्झाइम) त्याच बीत असतात, पण वेगळ्या पेशींत. दारूगोळा एका खोलीत, काडेपेटी दुसरीत. कुणी बी चावली की मधल्या भिंती पडतात. विकरं एकेक ग्लुकोज सोडवतात, उरलेल्या मॅन्डेलोनायट्रिलचे दोन तुकडे होतात: बेन्झाल्डिहाइड, म्हणजे तो केकचा वास, आणि हायड्रोजन सायनाइड, म्हणजे जहाल विष. बी खाणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी झाडाने केलेली ही तजवीज. चावायला आळस केला तरी सुटका नाही, कारण आतड्यातल्या जिवाणूंकडेही असलीच विकरं असतात.

सायनाइड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, जाऊन सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ या विकरामधल्या लोहाला चिकटतं. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण पेशीला तो वापरता येत नाही. थोडं सायनाइड शरीर निस्तरतं: रोडनेझ हे विकर त्याला गंधक जोडून थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे जातं.

प्रचारकांचा दावा इथेच घुसतो. म्हणे कॅन्सरपेशींत अमिग्डालिन तोडणारं विकर जास्त, रोडनेझ कमी, म्हणून फक्त त्याच मरतात. ऐकायला झकास! प्रत्यक्षात तोडणारं विकर दोन्ही प्रकारच्या पेशींत नगण्य सापडलं आणि रोडनेझमध्ये तसा फरक दिसला नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल यांनी १७८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. कुणी बरं झालं नाही, काहींच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलं. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?' असं विचारणाऱ्यांनी ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन तडफडणारी गुरं आठवावीत. तिथेही सायनाइडच, झाडानेच बनवलेलं.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला: मोठ्या माणसाने एका वेळी तीनहून जास्त छोटे कच्चे गर खाल्ले तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. काकांचे दहा!

हे सगळं सांगितल्यावर काकांनी पुडी मुकाट्याने खिशात घातली. एका काकूंना वेगळीच काळजी. "मग साबुदाण्याचं काय हो? तो कंदाचाच ना?" बरोबर. टॅपिओकाच्या कंदात लिनामरिन असतं, अमिग्डालिनच्याच जातकुळीतलं. पण कंद किसून, पाण्याने धुऊन नुसता स्टार्च काढतात. किसताना सायनाइड सुटतं, धुताना वाहून जातं, उरलेलं तापवताना उडतं. खिचडी खुशाल खा, असं सांगितलं. तुपाबद्दल त्यांनी विचारलं नाही.