विसरायला टेकलेला शब्द

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला सुरुवातीला विज्ञान अडत नाही, शब्द अडतात. त्वरण त्याला चांगलं ठाऊक असतं, पण फळ्यावर 'ॲक्सिलरेशन' आलं की तो थबकतो. विकर म्हणजेच एन्झाइम, हे उमगेपर्यंत तास संपतो. मग घरातलं कुणीतरी मोबाइलवर शब्दांचं ॲप टाकून देतं.

त्याचा उपयोग होतो का? ॲप शब्द दाखवतं की विचारतं, यावर ते ठरतं.

जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांचा 2008 चा प्रयोग इथे आठवतो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थासह दिले; 'माशुआ' म्हणजे होडी, असे. एखादा शब्द एकदा बरोबर सांगता आला की काही गटांना तो पुन्हा विचारलाच नाही, फार तर वाचायला दिला. बाकीच्यांना मात्र तो विचारत राहिले. आठवड्यानंतर पुन्हा विचारलं, तेव्हा पहिल्यांना जेमतेम 35 टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना सुमारे 80 टक्के. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज सगळ्या गटांनी साधारण सारखाच बांधला होता, निम्मे. वाचताना 'येतंय की' असं वाटतं, ते हेच.

विचारायचं, पण कधी? हेर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि मग मंदावतो. म्हणून उजळणीही आधी लवकर आणि नंतर लांब-लांब हवी. 1970च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या विज्ञान पत्रकाराने त्यासाठी एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेली कार्डं ठेवायला खणांचा खोका सुचवला. आठवलेलं कार्ड पुढच्या खणात जायचं आणि उशिरा परत यायचं. चुकलेलं मात्र थेट पहिल्या खणात. 2006 मध्ये आलेलं 'आंकी' हे ॲप हाच हिशेब करतं, फक्त प्रत्येक कार्डाची पुढची तारीख गणिताने काढतं. शब्द विसरायला टेकला की नेमका समोर येतो, आणि आठवताना थोडं डोकं खाजवावं लागतं. ते खाजवणंच कामाचं. चार पर्यायांतून एकावर बोट ठेवणं त्यामानाने सोपं. तिथे शब्द नुसता ओळखला जातो. सलग इतके दिवस ॲप उघडलं म्हणून मिळणाऱ्या बिल्ल्यांचं मला तरी कौतुक नाही.

तयार याद्यांपेक्षा मुलांनी स्वतःच्या पुस्तकातून कार्डं करावीत, तीही वाक्यासकट. 'वर्क म्हणजे काम' एवढंच लिहिलं, तर डोक्यावर बोजा घेऊन तासभर फलाटावर नुसता उभा असलेला हमाल भौतिकशास्त्राच्या लेखी बोज्यावर शून्य वर्क करतो, हे कार्डावरून कसं कळणार?