ब्लॅकलिस्ट लिहिली, तरी नूवो लोड होतोच कसा?

ठाण्या-वाशीच्या दुकानांत मिळणाऱ्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये एक जोडी वारंवार दिसते. इंटेलचा प्रोसेसर, त्यातच बसलेलं इंटेलचं ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. इंजिनिअरिंगची मुलं असा लॅपटॉप घेतात, त्यावर उबुंटू किंवा फेडोरा हे लिनक्स टाकतात आणि थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर किंवा कार्डावर आकडेमोड करणारं कुडा चालवायला एनव्हिडियाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बसवतात. मग लिनक्ससोबत आधीपासून येणारा एनव्हिडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर, नूवो, हटवायला ‘ब्लॅकलिस्ट नूवो’ अशी एक ओळ फाइलीत लिहून मशीन रीस्टार्ट करतात. पाहावं तर नूवो पुन्हा हजर. कधी उलटं होतं. नूवो जातो, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हरही येत नाही, आणि मोठमोठी धुरकट अक्षरं असलेला डेस्कटॉप तेवढा उरतो. दोन्ही वेळी गफलत एकाच ठिकाणी झालेली असते. लिनक्समध्ये ड्रायव्हर कोण निवडतं आणि ते नेमकं केव्हा ठरतं, हे न पाहताच फाइल बदललेली असते.

आधी मशीनलाच विचारावं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड दिली की पीसीआयला (मशीनमध्ये कार्डं जोडण्याच्या मार्गाला) जोडलेल्या प्रत्येक उपकरणापुढे चौकोनी कंसात दोन क्रमांक दिसतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा १००२ आणि एनव्हिडियाचा १०डीई. लॅपटॉपमधल्या जीटीएक्स १०५० चा चिप क्रमांक सहसा १सी८डी असतो. खाली आणखी दोन ओळी असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. त्यातला कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि मॉड्यूल म्हणजे त्याला हवा तेव्हा जोडता येणारा तुकडा; ड्रायव्हर बहुधा अशा मॉड्यूलच्या रूपात असतात. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत आत्ता कार्ड कोणाच्या ताब्यात आहे ते कळतं. ‘कर्नल मॉड्यूल्स’ या ओळीत फक्त उमेदवार असतात. दुसऱ्या ओळीत नूवोचं नाव दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तो नुसता रांगेत उभा आहे.

हे उमेदवार ठरतात ते असे. प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये आपण कोणती उपकरणं सांभाळू शकतो याची यादी असते. ‘डेपमॉड’ नावाचा प्रोग्राम सगळ्या मॉड्यूलमधल्या याद्या एकत्र करून ‘मॉड्यूल्स.एलियास’ या फाइलीत ठेवतो. मशीन सुरू होताना कर्नलला पीसीआयवर कार्ड सापडलं की तो कंपनी, चिप आणि उपकरणाचा वर्ग गुंफून एक लांबलचक ओळख तयार करतो. तिला मोडएलियास म्हणतात. यूडेव्ह ही सेवा ती ओळख घेते, एलियासच्या फाइलीत जुळणारं मॉड्यूल शोधते आणि ते लोड करायला सांगते. ड्रायव्हर आपोआप लोड होतात ते या जुळणीमुळे. वेगवान कोण, नवं कोण, वापरणाऱ्याने पैसे कशाला दिलेत, यातलं काहीही त्या फाइलीला कळत नाही.

अडचण अशी, की नूवोची मागणी फार रुंद आहे. कंपनी क्रमांक १०डीई आणि वर्ग डिस्प्लेचा, मग चिप कोणतीही असो, माझी. एनव्हिडियाच्या स्वतःच्या मॉड्यूलची मागणीही जवळपास तितकीच रुंद. एकाच ओळखीला दोन मॉड्यूल जुळली तर दोन्ही लोड करायचा प्रयत्न होतो, आणि जो आधी कार्ड धरतो त्याचं ते होतं. मागाहून आलेल्या एनव्हिडियाच्या मॉड्यूलला हात लावायला कार्डच उरत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये तेव्हा त्याचा स्पष्ट निरोप असतो, की प्रोब रूटीनला (कार्ड तपासून ताब्यात घेणाऱ्या भागाला) बोलावलंच गेलं नाही आणि नूवोसारख्या एखाद्या ड्रायव्हरने ताबा घेतलेला असावा. ‘जर्नलसीटीएल -के -बी’ दिलं की तो वाचता येतो. हा निरोप वाचल्याशिवाय ड्रायव्हर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात कित्येक रात्री वाया जातात.

नूवो वाईट आहे म्हणून त्याला हटवायचं, असा समज मात्र करून घेऊ नये. एनव्हिडियाच्या मदतीशिवाय, कार्ड कसं वागतं ते बाहेरून अभ्यासून लोकांनी तो लिहिला आणि २०१० मध्ये कर्नल २.६.३३ सोबत तो सर्वांना मिळाला. नवं लिनक्स टाकल्यावर पहिल्याच दिवशी एनव्हिडियाच्या कार्डावर चित्र उमटतं ते त्याच्यामुळे. पण जीटीएक्स ९०० आणि १०५० सारख्या १००० मालिकेतल्या कार्डांना वेग वाढवायला कंपनीची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लागतं आणि ते नूवोला मिळालं नाही. त्यामुळे ही कार्डं नूवोखाली सुरू होतानाच्या मंद गतीलाच अडकून राहतात. ब्लेंडर संथ चालतो तो यामुळे.

ब्लॅकलिस्ट म्हणजे बंदी नव्हे

ठाणे स्टेशनबाहेरचा शेअर रिक्षाचा स्टँड डोळ्यांसमोर आणा. नंबर आला की रिक्षाला प्रवासी मिळतो. एखाद्या रिक्षाचं नाव नंबरातून काढलं, तर स्टँडवरून तिला कोणी बोलावणार नाही. पण रिक्षावाल्याला कोणी थेट फोन केला तर तो येईलच. ‘ब्लॅकलिस्ट’ या ओळीचा अर्थ नेमका एवढाच आहे. मॉड्यूलने स्वतः सांगितलेले एलियास दुर्लक्षित करा, बस. कोणी नाव घेऊन ‘मॉडप्रोब नूवो’ म्हटलं (मॉडप्रोब ही मॉड्यूल लोड करणारी कमांड), किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज लागली, तर तो बिनदिक्कत लोड होतो.

म्हणून ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/’ या फोल्डरात नवी फाइल करताना दोन ओळी लिहिण्याची पद्धत आहे. पहिली ‘ब्लॅकलिस्ट नूवो’, दुसरी ‘ऑप्शन्स नूवो मोडसेट=०’. दुसरीमुळे नूवो कसाही आत आला तरी कार्डाचा ताबा घेत नाही. त्याहून कडक बंदोबस्त हवा असेल तर ‘इन्स्टॉल नूवो /बिन/फॉल्स’ ही ओळ आहे. मॉडप्रोबकडे कोणीही नूवो मागितला की त्याच्या जागी फक्त अपयश परत जातं.

फाइलीचं नाव ‘.कॉन्फ’ने संपलंच पाहिजे, नाहीतर ती वाचलीच जात नाही. आणि नूवो हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘नवा’. त्याचं स्पेलिंग एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू. ते चुकलं तर कुठलीच तक्रार येत नाही, कारण अस्तित्वात नसलेल्या मॉड्यूलला ब्लॅकलिस्ट करायला मॉडप्रोबची काही हरकत नसते. लिहिलेलं खरोखर पोचलं का, हे ‘मॉडप्रोब -सी’ या कमांडच्या आउटपुटमध्ये नूवो शोधून पाहावं. सगळ्या फाइली मिळून शेवटी काय हुकूम झाला ते तिथे दिसतं.

दुसरी प्रत, जी सगळे विसरतात

आता मुख्य मुद्दा. फाइल बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी नूवो येतो. कारण मशीन सुरू होताना हार्ड डिस्कवरची तुमची ‘/ईटीसी’ उघडण्याच्या आधीच एक छोटी तात्पुरती फाइल-सिस्टिम मेमरीत उलगडते. तिला इनिट्रॅमएफएस म्हणतात. डिस्क उघडायला लागणारी मॉड्यूल तिच्यात असतात, आणि बूट होताना लोगो दाखवायचा किंवा एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारायचा म्हणून बऱ्याचदा ग्राफिक्सचे ड्रायव्हरही असतात. मॉडप्रोबच्या फाइलींची प्रतही तिच्यातच असते, पण ती इनिट्रॅमएफएस शेवटची बनली त्या दिवसाची. आज केलेला बदल त्या जुन्या प्रतीत नाही. यूडेव्ह त्या जुन्या प्रतीवरून नूवो लोड करतो, नूवो कार्ड धरतो, आणि काही सेकंदांनी खरी डिस्क उघडून तुमची ब्लॅकलिस्ट वाचली जाते तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लॅकलिस्ट आधीच लोड झालेलं मॉड्यूल काढत नाही.

त्यामुळे फाइल बदलली की इनिट्रॅमएफएस नव्याने बनवणं हा त्याच कामाचा उरलेला अर्धा भाग समजावा. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल’. शेवटचं ‘ऑल’ गाळलं तर फक्त सर्वांत नव्या कर्नलची प्रत बदलते आणि ग्रबमधून (सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूमधून) जुना कर्नल निवडला की नूवो परत येतो. फेडोरावर ‘सुडो ड्रॅकट --फोर्स’, आर्चवर ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी’, यातला पी मोठ्या लिपीतला. झाल्यावर उबुंटूवर ‘एलएसइनिट्रॅमएफएस’ आणि फेडोरावर ‘एलएसइनिटआरडी’ने आत डोकावून आपली फाइल तिथे आहे ना, हे बघता येतं.

कर्नलच्या बूट ओळीतून सांगितलं तर प्रतींचा हा घोळ टळतो, कारण ती ओळ दोन्ही टप्प्यांना लागू होते. ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=नूवो’ हा पर्याय तर थेट कर्नल पाळतो आणि कोणीही मागितलं तरी मॉड्यूल आत घेत नाही. कायमचा ठेवायचा असेल तर तो ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत घालून उबुंटूवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावं. फेडोरावर हे काम ‘ग्रबी’ करतो.

स्क्रीन काळीच राहिली तरी हाच मार्ग उपयोगी पडतो. मशीन सुरू होताना एस्केप किंवा जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ग्रबचा मेनू आणा, ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे निर्धास्तपणे करावा. चित्र कमी रिझोल्यूशनचं दिसेल, पण आत शिरून चुकलेली फाइल सुधारता येईल.

नूवो गेला, एनव्हिडिया आलाच नाही

याची तीन कारणं सर्वांत जास्त दिसतात. पहिलं सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलाच कोड चालू देणारी सोय. उबुंटू ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला लावतो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की मॉड्यूलवरची सही मशीनला अनोळखी राहते, कर्नल ते नाकारतो, आणि नूवो तर आधीच ब्लॅकलिस्टमध्ये. दुसरं, कर्नल अपडेट झाला पण त्याचे हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) बसलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवून देणाऱ्या डीकेएमएसला नव्या कर्नलसाठी ते बनवता आलं नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ ते सांगतो.

तिसरं कारण जीटीएक्स १०५० वाल्यांनी खास लक्षात ठेवावं. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण ती खुली मॉड्यूल ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवरच चालतात. १०५० त्याआधीच्या पास्कल पिढीतलं. नावाच्या शेवटी ‘ओपन’ असलेलं पॅकेज त्यावर टाकलं तर ते सुखरूप बसतं, पण कार्डाला हात लावत नाही. शिवाय पास्कलसाठी ५८० ही एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस’ने यादी पाहून त्या शाखेचं ‘ओपन’ नसलेलं पॅकेज घ्यावं.

आणि लॅपटॉपवर इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर ‘आय९१५’ चुकूनही ब्लॅकलिस्ट करू नये. बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये स्क्रीनची तार इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते आणि एनव्हिडियाचं कार्ड फक्त चित्र तयार करून त्याच्याकडे देतं.

लोकलमध्ये बसून काम करायचंय, कुडा नको, बॅटरी टिकायला हवी, म्हणून काहीजण नूवो आणि एनव्हिडिया दोन्ही ब्लॅकलिस्ट करतात. बऱ्याचदा याचा परिणाम उलटा होतो. कार्डाला झोपवणं हेही ड्रायव्हरचंच काम आहे. ड्रायव्हरच नसेल तर कार्ड पूर्ण जागं राहून वीज खात बसू शकतं. अशा वेळी नूवो लोड राहू देणं अधिक शहाणपणाचं, कारण काम नसलेलं कार्ड तो बंद करतो. खरं काय चाललंय ते ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस/’ या फोल्डरात आपल्या कार्डाच्या पत्त्याखाली ‘पॉवर/रनटाइम_स्टेटस’ या फाइलीत दिसतं. ‘सस्पेंडेड’ असेल तर झोपलंय, ‘अॅक्टिव्ह’ असेल तर जागं.

एएमडीत हा झगडा कमी, कारण चांगला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. फक्त जीसीएन या एएमडीच्या ग्राफिक्स रचनेच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या कार्डांवर जुना ‘रेडिऑन’ आणि नवा ‘एएमडीजीपीयू’ दोघेही हक्क सांगतात आणि बराच काळ मूळ निवड रेडिऑनची होती. व्हल्कन (गेम आणि थ्रीडी प्रोग्राम वापरतात तो ग्राफिक्सचा इंटरफेस) हवं असेल तर पहिल्या पिढीसाठी बूट ओळीत ‘रेडिऑन.एसआय_सपोर्ट=०’ आणि ‘एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१’ द्यावं, दुसऱ्या पिढीला ‘एसआय’च्या जागी ‘सीआयके’.

महापे, ऐरोली, रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये काम करणाऱ्यांपुढे प्रश्न वेगळा असतो. तिथे कार्ड होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, हाती न देता त्याच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला द्यायचं असतं. त्यासाठी एनव्हिडियाच्या आधी ‘व्हीएफआयओ-पीसीआय’ या, कार्ड व्हर्च्युअल मशीनसाठी राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरने ते धरलं पाहिजे. ब्लॅकलिस्टपेक्षा इथे ‘सॉफ्टडेप एनव्हिडिया प्री: व्हीएफआयओ-पीसीआय’ ही ओळ कामाची, जोडीला ‘ऑप्शन्स व्हीएफआयओ-पीसीआय आयडीज=’पुढे कार्डाचे आणि त्याच्यावरच्या एचडीएमआय ऑडिओचे क्रमांक. दोन्ही भाग सहसा एकाच गटात असतात, म्हणून ते एकत्रच द्यावे लागतात. पण एकाच मॉडेलची दोन कार्डं असतील आणि एकच द्यायचं असेल, तर क्रमांकावरून दोन्ही धरली जातात. तेव्हा त्या कार्डाच्या पीसीआय पत्त्याखालच्या ‘ड्रायव्हर_ओव्हरराइड’ या फाइलीत ड्रायव्हरचं नाव लिहावं. ही फाइल चिपचा क्रमांक पाहत नाही, कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसलंय ते पाहते. मात्र तिच्यात लिहिलेलं रीस्टार्टनंतर पुसलं जातं, म्हणून ते लिहिणारी स्क्रिप्टही इनिट्रॅमएफएसमध्येच घालावी लागते.