आउटबोर्डचा गिअर पडत नाही? इंजिन उतरवण्याआधी हे बघा

मालवण-देवबाग भागातील आमच्या होडीवाल्या ग्राहकांसाठी

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे पहिली तक्रार हीच येते: होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन चालू होतं, पण गिअर पडत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होडी शाकारून ठेवलेली असते. तेवढ्यात खारी हवा लिव्हरपासून गिअरपर्यंत जाणाऱ्या केबलच्या नळीत शिरते, आतली तार गंजून फुगते आणि लिव्हर जाम होतो. अशा वेळी लिव्हरवर जोर लावू नका. जोराने अडलेलं सुटत नाही, चांगली जोडणी मात्र तुटते.

कशालाही हात लावण्याआधी इंजिन बंद करा, इंजिन बंद पाडणारी लाल दोरीची क्लिप काढा आणि प्लगच्या टोप्या ओढून ठेवा. पंख्याशी (प्रोपेलरशी) हात असताना इंजिन फिरलं तर बोटं जातात.

आधी लिव्हरच्या बुडाशी असलेलं बटण बघा. ते दाबलेलं किंवा ओढलेलं राहिलं तर लिव्हर फक्त रेस देतो, गिअर टाकत नाही. इंजिन गरम करताना दाबलेलं बटण तसंच राहून गेल्यामुळे होडी ओढून आणलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत.

बटण ठीक असेल तर खरी परीक्षा केबलची. इंजिनचं झाकण काढा आणि केबल गिअरच्या आर्मला जिथे जोडली आहे तिथली पिन काढून ती सोडवा. आता आर्म हाताने हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला पंखा हळूहळू फिरवायला सांगा. बंद इंजिनात पंखा न फिरवता गिअर पडेलच असं नाही, कारण आतल्या क्लचचे दात समोरासमोर आले तर एकमेकांत बसत नाहीत. तो बिघाड नव्हे.

आर्म सहज हलून गिअर पडला, तर दोष वर आहे, केबलमध्ये किंवा लिव्हरच्या कंट्रोल बॉक्समध्ये. गंजलेल्या केबलीत तेल सोडून चार दिवस निघतील, पण आम्ही ते सुचवत नाही. केबल बदला. वेंगुर्ल्याच्या वाऱ्यात पर्यटक बसलेले असताना ती तुटणं परवडणारं नाही. आर्मच हलत नसेल, किंवा हलूनही पंखा मोकळाच फिरत असेल, तर दोष खाली आहे: शिफ्टची सळी किंवा गिअर केस. पाण्याचा पंप बदलल्यावर लगेच गिअर पडेनासा झाला, तर खालचा भाग चढवताना सळी नीट बसली नसण्याचीच शक्यता जास्त. पंप आम्ही बदलला असेल तर इंजिन परत आणा, पैसे घेणार नाही.

गिअर ‘खट्’ करून पडतो, रेस वाढते आणि होडी जागेवरच, हे दुखणं वेगळं. पंख्याच्या मध्यातलं रबर घसरलेलं असतं. लहान इंजिनात पंखा धरणारी पिन तुटलेली असते. पिनच्या जागी खिळा घालू नका. पिन तुटते म्हणून गिअर वाचतो. दोन जादा पिना होडीत ठेवा.

कर्र आवाज येत असेल तर रेस जास्त आहे, किंवा गिअर हळूहळू सरकवला जातोय. रेस पूर्ण खाली आणा आणि गिअर एका झटक्यात टाका. भीत भीत टाकलेल्या गिअरने क्लचचे दात झिजतात.

गिअर ऑइल दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदला. जुनं ऑइल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बहुधा पंख्यामागे गुंडाळलेल्या तंगूसने सील कापलेलं असतं. चकाकणारे धातूचे कण मोठे असतील तर इंजिन चालवूच नका.

आमच्याकडे येताना केबल आणि कंट्रोल बॉक्स सोबत आणा. ऑइल काढून टाकू नका, ते आम्हाला बघायचं असतं.